दोन विहिणी आणि लेस्टरची गाडी

माझ्या धाकट्या भावाच्या सासूबाई युरोप बघायला निघाल्या आणि त्यांचा पहिला मुक्काम आमच्याकडे, लंडनजवळ पिनरला, ठरला. भावाने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी नुसतं "अरे वा" म्हटलं आणि फोन ठेवून कॅलेंडर बघितलं. नेमक्या त्याच दिवसांत आई पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेली असणार होती. म्हणजे दोन विहिणी पहिल्यांदा समोरासमोर येणार, आणि त्याही माझ्या घरात.

भावाच्या लग्नाला दहा-अकरा वर्षं झाली. त्याची बायको अमेरिकन, ओहायोतल्या एका लहानशा गावातली. लग्न तिथेच झालं. आईचा व्हिसा आला होता, तिकीट बघून ठेवलं होतं, नव्या साडीला फॉल-पिकोसुद्धा करून झाला होता. आणि मग एके सकाळी आई म्हणाली, "मला जमणार नाही. तुम्ही जाऊन या." बाबा जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. मी खूप समजावलं, भावाने तिकडून रोज फोन केले. आई हललीच नाही. नातेवाइकांना आम्ही "व्हिसाचं जमलं नाही" असं सांगितलं. भावाने मात्र मनाशी ठरवून टाकलं की आईला हे लग्न पसंत नाही. तो तसं कधी बोलला नाही, पण पुण्याला आला की आठवड्याभरात परत जायचा. त्याची बायको दोनदा येऊन गेली, आईने तिचं सगळं मनापासून केलं, तिला पुरणपोळी लाटायला शिकवली. तरी मायलेकांमध्ये काहीतरी अडून राहिलं होतं. फोनवर हवापाणी, तब्येत आणि नातवाचं वजन याच्या पलीकडे बोलणं जायचं नाही.

आता त्या लग्नातल्या दुसऱ्या आई येणार होत्या. त्यांचे यजमानही गेल्या वर्षी वारले. त्यांची सगळी नोकरी शाळेत मुलांना स्वयंपाक शिकवण्यात झाली, आणि निवृत्तीनंतर त्या गावातल्या छोट्या साप्ताहिकात खाण्यापिण्यावर लिहायच्या. या प्रवासात जिथे जातील तिथले जुने, पारंपरिक पदार्थ शोधायचे, खायचे आणि गावातल्या लोकांसाठी त्याविषयी लिहायचं, असं त्यांनी संपादकाशी ठरवलं होतं. गावातल्या बऱ्याच लोकांनी अमेरिकेबाहेर पाऊलच टाकलेलं नाही, त्यांना चव कळावी इतकं साधं लिहायचंय, असं त्या मला ई-मेलमध्ये म्हणाल्या होत्या.

आईने बातमी ऐकली आणि कोथिंबीर निवडता निवडता विचारलं, "किती दिवस?"

"इकडे दहा दिवस. मग पॅरिस, मग पुढे इटली."

"बरं," आई म्हणाली. त्यानंतर तिने दोन दिवस तो विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र म्हणाली, "त्यांना तिखट चालत नसेल. सगळं फिकं करायला लागेल."

पहिल्या दिवशीचं जेवण तिने तसंच केलं. वरणभात, मिरची न घातलेली बटाट्याची भाजी, काकडी नुसती चिरलेली, तूप-साखर-पोळी. आजारी माणसाला वाढतात तसं ताट दिसत होतं. विहीणबाई उंच, रुंद हाडाच्या, पांढरे केस कापलेले, अंगात झगझगीत निळा रेनकोट. त्यांनी आल्या आल्या आईचे दोन्ही हात हातात घेतले. आईने "नमस्ते विहीणबाई" म्हटलं आणि हात सोडवून घ्यायचे की नाही हे न कळून तशीच उभी राहिली.

जेवताना त्यांनी भाजीचा घास घेतला, पोळीचा घास घेतला, "लव्हली" म्हणाल्या. मग जरा संकोचून मला विचारलं, "हॉट सॉस असेल का थोडा?" मी उठेपर्यंत त्यांनीच पर्समधून एक छोटी लाल बाटली काढली आणि भाजीवर धार धरली. जावयाने सवय लावली म्हणाल्या, आता फिकं घशाखाली उतरत नाही. आई बाटलीकडे बघत राहिली. मग उठून आत गेली आणि मिरचीचा ठेचा घेऊन आली. मला वाटलं, चला, सुरुवात तर बरी झाली.

पण पुढचे चार दिवस काही खरे नव्हते. भांडण-बिंडण काही नाही. उलट दोघी इतक्या सभ्यपणे वागत होत्या की घरात श्वास घ्यायला अवघड झालं होतं. आईला इंग्रजी कळतं, वर्तमानपत्र ती वाचते, पण बोलायची वेळ आली की वाक्य मनात जुळवेपर्यंत समोरचा पुढे गेलेला असतो. विहीणबाई हळू बोलायच्या, फारच हळू, आणि आईला ते लहान मुलाशी बोलल्यासारखं वाटायचं. एकजण हॉलमध्ये असली की दुसरी बागेत. मी कामावरून रजा घेतली होती, आणि दिवसभर एकीला दुसरीचं म्हणणं सांगत फिरत होते. रात्री नवऱ्याला म्हटलं, "मला यांच्यापेक्षा ऑफिस बरं."

त्यातल्या त्यात एक गंमत म्हणजे आई त्यांना "विहीणबाई" म्हणायची, तेव्हा त्यांना वाटलं हा काहीतरी दुहेरी वापरायचा शब्द असावा, आल्यावर आणि जाताना म्हणायचा. त्याही आईला उलट "विहिनबाय" म्हणायला लागल्या. चुकून का होईना, ते अगदी बरोबर होतं.

विहीणबाईंना लिहिण्यासाठी हवं होतं ते लेस्टरकडचं निळ्या बुरशीचं चीज. तिथल्या एका गावात अजून जुन्या पद्धतीने ते करतात आणि करताना बघूही देतात, असं त्यांनी घरूनच शोधून आणलं होतं. लेस्टरपर्यंत ट्रेन, पुढे बस. मी म्हटलं, आपण दोघी जाऊन येऊ. आई घरात एकटी काय करेल म्हणून तिलाही विचारलं, ती नाहीच म्हणेल असं धरून. ती म्हणाली, "येते. चीज काही मी बघणार नाही, पण लेस्टरला येते." दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या खरेदीला मी तिला तिथल्या बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानांत नेलं होतं, मिठाई घेतली होती, ते तिला फार आवडलं होतं.

सेंट पँक्रसला आम्ही वेळेत पोचलो. एप्रिलचा महिना होता, ऊन दिसत होतं पण वारा बोचरा होता. ट्रेन लागलेलीच होती. मी दोघींना खिडकीजवळ समोरासमोर बसवलं. आईची पर्स माझ्या मोठ्या बॅगेत होती, कारण प्रवासात ती सगळं माझ्या हवाली करून मोकळी होते. तिचा फोनही त्यातच. तिघींची तिकिटं माझ्या फोनवर. विहीणबाईंचा अमेरिकन फोन बाहेर फार बिल येतं म्हणून बंद करून ठेवलेला, घरी वायफायवर तेवढा चालू व्हायचा.

आई म्हणाली, "अगं, माझा स्वेटर?"

स्वेटर प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर राहिला होता. खिडकीतून दिसतही होता. "आलेच," म्हणून मी खांद्यावरच्या बॅगेसकट उतरले, बाकाशी गेले, स्वेटर उचलला आणि वळले, तर दार बंद होत होतं. मी धावले. बटण दाबलं, पुन्हा दाबलं. बटणावरचा दिवा विझला होता. प्लॅटफॉर्मवरच्या माणसाने मला हाताने मागे व्हायची खूण केली. काचेच्या आत आई माझ्याकडे बघत होती, तोंड किंचित उघडं. विहीणबाई अर्धवट उठून उभ्या राहिल्या होत्या. मग त्या खिडकीसकट सरकायला लागल्या.

मी स्वेटर छातीशी धरून उभी राहिले. पहिल्यांदा मनात काय आलं असेल तर ते हे, की दोघींना एकमेकींशी धड बोलता येत नाही. मग तिकिटं नाहीत. मग आईची शुगरची गोळी माझ्या बॅगेत आहे. मग ती गाडी लेस्टरला थांबून पुढे शेफील्डपर्यंत जाते.

मदतकक्षात एक मध्यमवयीन बाई होत्या, गळ्यात चष्मा अडकवलेल्या. मी त्यांना एका दमात सगळं सांगितलं, आणि मध्येच मला रडू फुटलं. त्यांनी ऐकून घेतलं, रेडिओ हातात घेतला आणि म्हणाल्या, "लव्ह, त्या ट्रेनमध्ये आहेत ना? मग त्या कुठेही भटकू शकत नाहीत. कशा दिसतात ते सांगा."

"एक साडी नेसलेली, जांभळी साडी आणि पांढरे स्पोर्ट्स शूज. दुसरी उंच, निळा रेनकोट. अमेरिकन."

"सापडतील," त्या म्हणाल्या. "अशी जोडी आमच्या गाड्यांत रोज नसते."

थोड्या वेळाने गाडीतल्या गार्डचा निरोप आला. दोघी सापडल्या, तिकिटाचं त्याला सांगून झालं, लेस्टरला तो स्वतः त्यांना उतरवेल आणि फाटकापाशी थांबायला सांगेल. मुलगी मागच्या गाडीने येते आहे हेही कळवलं. मी त्या बाईंचे इतके आभार मानले की शेवटी त्याच म्हणाल्या, जा आता, ही गाडीसुद्धा चुकवाल.

लेस्टर येईपर्यंत मी काहीही बघितलं नाही. नवऱ्याला फोन केला, तो म्हणाला, घाबरू नकोस, दोन मोठ्या बायका आहेत. मी म्हटलं, हो, पण यातली एक गेली दहा वर्षं दुसरीशी बोलायला लागू नये म्हणून जगतेय. हे मी जरा मोठ्याने बोलले असावे, कारण समोरच्या माणसाने वर्तमानपत्र खाली केलं. भावाला कळवावं का? नको. तिकडे पहाट होती. आणि काय सांगणार? तुझी सासू आणि माझी आई मी हरवली?

लेस्टरला उतरले आणि जिन्यावरून धावत फाटकापाशी आले. तिथे कुणी नव्हतं. म्हणजे माणसं पुष्कळ होती, पण जांभळी साडी नव्हती, निळा रेनकोट नव्हता. वेटिंग रूम बघितली. टॉयलेट बघितलं, दारं ठोठावून "आई" अशी हाक मारली. कॉफीच्या दुकानात विचारलं. बाहेर टॅक्सीच्या रांगेत बघितलं. फाटकावरच्या मुलीने सांगितलं की तिची ड्यूटी आत्ताच सुरू झाली, आधीचा माणूस चहाला गेलाय. मी तिथेच उभी राहिले. आईला चक्कर आली असेल आणि हॉस्पिटलमध्ये नेलं असेल, इथपासून ते विहीणबाई रागावून परतीच्या गाडीत बसल्या असतील, इथपर्यंत सगळं डोळ्यांपुढून गेलं. स्वेटर अजून माझ्या हातातच होता.

तो माणूस आला. हातात कागदी कप, डोक्याला पगडी, दाढी पांढरी. माझ्या हातातल्या स्वेटरकडे बघून त्यानेच हिंदीत विचारलं, "आप बेटी हैं?"

"हां. कहां हैं वो लोग?"

"गए. माताजी बोलीं, यहां बहुत ठंड है. दूसरी मॅडमने अपना कोट उनको पहना दिया. फिर माताजी बोलीं, बेटी को कहना, जहां से मिठाई ली थी वहां आ जाए. मॅडम का हाथ पकड़ के टॅक्सी में बिठाया और चली गईं." तो हसला. "मैंने कहा बैठिए, वो बैठीं ही नहीं."

जिथून मिठाई घेतली होती तिथे. मी तिथल्या तिथे बाकावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता नाकातून पाणी यायला लागलं. त्या माणसाने मला कागदी रुमाल दिला आणि टॅक्सीकडे बोट दाखवलं.

बेलग्रेव्ह रोडवर ते दुकान कोपऱ्यालाच आहे. बाहेर फरसाणाच्या काचा, आत मिठाईचं काउंटर, मागे स्वयंपाकघर. काउंटरवर कुणीच नव्हतं, पण मागून आवाज येत होते. एक गुजराती, एक आईचा हिंदी-मराठी असा मिश्र, आणि त्या दोन्हींवर विहीणबाईंचं मोठ्याने हसणं. इतक्या दिवसांत मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. मी काउंटरच्या फळीखालून वाकून आत गेले.

स्टीलच्या लांब टेबलावर पिवळंधमक पीठ पातळ पसरलं होतं. विहीणबाई बाह्या वर करून, केसांना जाळी लावून, त्याच्या पट्ट्या गुंडाळत होत्या. दुकानाच्या मालकीणबाई शेजारी उभ्या राहून पट्ट्या कापत होत्या. आणि माझी आई त्या निळ्या रेनकोटमध्ये, बाह्या हातांच्या खाली लोंबत असलेल्या, एका स्टुलावर बसून सूचना देत होती.

"स्लो, विहीणबाई, स्लो. टाइट नो. लूज."

मालकीणबाई म्हणाल्या, "बेन, खांडवी टाइट ज होय."

"आमच्यात सुरळीची वडी म्हणतात आणि सैल गुंडाळतात. आत खोबरं-कोथिंबीर जायला नको का?"

"व्हॉट इज शी सेइंग?" विहीणबाईंनी विचारलं.

आई क्षणभर थांबली, वाक्य जुळवलं, आणि म्हणाली, "शी इज राँग. आय ॲम राइट."

तेवढ्यात विहीणबाईंनी मला बघितलं. हात पिठाने भरलेले होते, तरी त्यांनी मला तशीच मिठी मारली. माझ्या कोटाला त्या पिठाचा डाग नंतर कितीतरी दिवस होता. आई स्टुलावरून उतरली. माझ्या हातातला स्वेटर घेतला, बघितला, आणि म्हणाली, "इतका वेळ लागला होय तुला?" तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण माझा हात तिने धरला तो सोडला नाही. मी तिला गोळी दिली, मालकीणबाईंनी पाणी दिलं. मग आम्हाला सगळ्यांना बसवून गरम चहा, त्या वड्या आणि तळलेल्या मिरच्या आल्या. मी तिथे इतकं खाल्लं की मालकीणबाई म्हणाल्या, सवारथी भूखी छे के शुं. सकाळपासूनची उपाशी वाटावी इतकी भूक मला खरंच लागली होती.

चीजच्या गावाची बस केव्हाच गेली होती. मी विहीणबाईंना म्हटलं, उद्या परत येऊ. त्या म्हणाल्या, "कशाला? मला जे लिहायचं होतं ते मिळालं." बाजारातून त्यांनी त्या चीजचा एक तुकडा तेवढा घेतला. आईने वास घेतला, मान मागे घेतली, आणि तो तुकडा माझ्या बॅगेतही नको, विहीणबाईंच्या बॅगेत तीन पिशव्यांत बांधून ठेवा, असा हुकूम सोडला.

परतीच्या गाडीत विहीणबाई बसल्या बसल्या झोपल्या. तोंड उघडं, डोकं खिडकीला टेकलेलं. आईने आपला स्वेटर घडी करून त्यांच्या डोक्याखाली सरकवला. मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात बोलायला लागली. मराठीच होतं, तरी हलक्या आवाजात.

"तू खाली राहिलीस ना, तेव्हा ही माझ्यापेक्षा जास्त घाबरली. सकाळी काही खाल्लं नव्हतं म्हणे, चीज खायचं म्हणून पोट रिकामं ठेवलेलं. माझ्याकडे लाडू होता पदराला बांधलेला..."

"पदराला?"

"अगं, पर्स तुझ्याकडे ना. तो दिला. खाल्ला. जरा बरं वाटलं तिला. मग एकदम विचारलं मला, व्हाय डिड यू नॉट कम टू द वेडिंग. असं सरळ."

इतक्या वर्षांत हे आम्ही मुलांनी कधी विचारलं नव्हतं, आणि एका परक्या बाईने लेस्टरच्या गाडीत लाडू खाता खाता विचारून टाकलं.

"मग काय म्हणालीस?"

"खरं तेच. आय वॉज हॅविंग फिअर." आई खिडकीबाहेर बघत होती. बाहेर शेतांत मेंढ्या होत्या, त्यांची पिल्लं होती. "तुझे बाबा असते तर गेले असते गं मी. त्याने फोनवर सांगितलं होतं, मुलाची आई म्हणून पहिल्या टेबलावर बसायचंय, सगळ्यांच्या समोर. काटे-चमचे. मी काय खाणार, कसं खाणार, कुणाशी काय बोलणार? मी चुकले असते आणि ते लोक हसले असते, आणि त्याला लाज वाटली असती. त्याच्या लग्नात. रोज रात्री तेच डोक्यात यायचं. मग म्हटलं, नकोच."

"आई, आम्हाला वाटलं तू रागावलीस."

"माहितीये. वाटू दे म्हटलं. घाबरली म्हणण्यापेक्षा रागावली बरं."

मला तिचा हात धरावासा वाटला, पण तिचं सांगणं संपलं नव्हतं. ती गालात हसत होती.

"आणि ही काय म्हणाली माहितीये? म्हणाली, 'यू डिडन्ट कम, अँड आय वॉज सो रिलीव्ह्ड.' मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हणून परत विचारलं. तर म्हणे, मला काय खायला घालायचं याचीच तिला धास्ती. अंडं नाही, मासा नाही, मटण नाही. बिनअंड्याचा केक करून बघायची, तो रोज मध्ये बसायचा. हात मिळवायचा की नमस्कार करायचा, ते कळत नव्हतं. मी येत नाही असा फोन आला तेव्हा स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसली आणि देवाचे आभार मानले म्हणे. आणि मग इतकी वर्षं तिला त्याचंच वाईट वाटत होतं. तिला वाटायचं, आपण मनातून नको म्हणालो, ते मला तिकडे पुण्यात कळलं असणार."

"मग?"

"मग काय? दोघी हसलो. हसू आवरेना. तो गार्ड आला आम्हाला उतरवून घ्यायला, त्याला वाटलं आम्ही वेड्या आहोत." आईने डोळे पुसले. "मी हिला म्हटलं, नाऊ नो फिअर. ती म्हणाली, नाऊ नो फिअर. तेवढ्यात लेस्टर आलं."

विहीणबाई झोपेतच कूस बदलायला गेल्या, स्वेटर घसरला. आईने तो पुन्हा नीट लावला.

घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. दोघी स्वयंपाकघरात गेल्या. विहीणबाईंना ते पीठ ताकात कालवून कसं शिजवायचं हे गॅसवर, स्वतःच्या हाताने करून बघायचं होतं, म्हणजे गावातल्या बायकांना नीट सांगता येईल. मी बागेत जाऊन भावाला फोन लावला. तिकडे दुपार होती, तो जेवणाच्या सुट्टीत होता. आधी मी गाडी सुटल्याचं सांगितलं. तो "काय? ताई, काय?" करत राहिला, मग हसला. मग मी बाकीचं सांगितलं. आईने सांगितलं तसंच, तिच्या शब्दांत.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार उघडल्याचा.

"ऐकतोयस ना?"

"हो." तो म्हणाला, "म्हणजे ती रागावली नव्हती?"

"नाही रे."

"एकदाही?"

"एकदाही नाही. घाबरली होती."

"ताई, मी तिला एकदासुद्धा विचारलं नाही गं. मला वाटायचं, विचारलं तर ती खरंच म्हणेल, हो, मला ती नको होती. मग काय करणार होतो मी?" तो रडत होता हे मला कळत होतं. कुठेतरी ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभा असावा, मागे गाड्यांची दारं लागल्याचे आवाज येत होते. "तिला फोन दे," तो म्हणाला. "नको, थांब जरा. मला नाक पुसू दे. आता दे."

मी आत जाऊन आईच्या कानाला फोन लावला, कारण तिचे हात बेसनाने भरले होते. तिने खांदा वर करून फोन धरला. "हं, बोल," म्हणाली. पलीकडे तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. आई ऐकत राहिली. विहीणबाई पळीने पीठ ढवळत होत्या, त्यांनी वर बघितलं, आणि न सांगता गॅस बारीक केला.

"अरे वेड्या," आई म्हणाली. "तसं काय नाही. जेवलास का तू? मग जेव आधी. नाही, मी कुठे जाणार आहे, इथेच आहे. ऑक्टोबरपर्यंत आहे. ये की." मग पुन्हा ऐकलं. "बरं. सगळे या. हो, सूनबाईलाही सांग. मी बोलते तिच्याशी."

मी बाहेरच्या जिन्यावर जाऊन बसले. पायांतले बूट काढायचेही राहिले होते. नवरा कामावरून आला, मला तसं बसलेलं बघून घाबरला आणि म्हणाला, "काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "आत जा, गरम गरम वड्या मिळतील. पण जरा हळू जा. आई फोनवर आहे."